आईचा डबा, माझा टब

परवा आईला मल्टिप्लेक्सला नेलं. पहिल्या पगारापासून राहून गेलेलं काम, बॉस! दारातल्या तपासणीत तिच्या पर्समधून निघाला चकल्यांचा डबा. मागे रांग, रांगेत ऑफिसमधले दोघं. मी गार्डला सोडून आईवरच डाफरलो, ''कशाला आणतेस गं हे असलं?'' डबा काउंटरवर राहिला.

तसा गार्ड चुकीचा नव्हता. बाहेरचं खाणं आत येऊ द्यायचं की नाही, ते थिएटरवाल्यांनी ठरवावं, पिण्याचं पाणी मात्र फुकट द्यावं, असं सुप्रीम कोर्टानंच जानेवारी २०२३मध्ये सांगून टाकलंय.

इंटरव्हलला प्रायश्चित्त म्हणून पॉपकॉर्नचा सगळ्यात मोठा टब आणला. आईनं आधी बिल वाचलं. ''एवढ्यात आमच्या वेळी प्लाझाला अख्खी चाळ बटाटेवडे खाऊन आली असती,'' म्हणाली आणि दोन दाणे तोंडात टाकून टब माझ्याकडे सरकवला. पाणी तेवढं मागितलं. फुकटचं.

परतताना रिक्षात डबा तिच्या मांडीवर. ''कसा वाटला पिक्चर?''

''खुर्च्या छान होत्या हो!''

मी गुपचूप झाकण उघडलं. तीन चकल्या संपवल्या. सॉरी अजून म्हणायचंय.