जुलैत नवा अध्यक्ष, जूनमध्ये रिकाम्या खुर्च्या

जुलै उजाडला की तालुक्याच्या गावातल्या मंगल कार्यालयांना लग्नसराई संपल्यावरही गिऱ्हाईक मिळतं. रोटरी, लायन्स, इनरव्हील अशा क्लबांच्या पदग्रहण सोहळ्यांचे फ्लेक्स चौकाचौकांत लागतात. प्रांतपाल येतात, मावळते अध्यक्ष गळ्यातली कॉलर काढून नव्या अध्यक्षांच्या गळ्यात घालतात आणि वर्षभराच्या संकल्पांची यादी वाचली जाते. यादीत एक कलम हमखास असतं, ते म्हणजे सभासदवाढ. त्याच व्यासपीठावर आठ-दहा नव्या मंडळींच्या कोटाला पिन लागते, फोटो निघतो, तो दुसऱ्या दिवशी स्थानिक आवृत्तीत छापूनही येतो. पुढच्या जूनपर्यंत त्यांतले किती उरले, याची बातमी मात्र येत नाही.

सेवाभावी क्लबांचा हा जुनाच दुखरा भाग आहे. माणसं येतात आणि गळतात. रोटरीचा जगभरचा आकडा १९९० च्या दशकापासून १२ लाखांच्या आसपास रेंगाळला आहे. दर वर्षी हजारोंनी नवे सभासद घेणाऱ्या संस्थेचा आकडा जागचा हलत नसेल, तर पुढच्या दाराने जितके येतात जवळपास तितकेच मागच्या दाराने जातात, असाच त्याचा अर्थ. २०२१-२२ मध्ये कोलकात्याचे शेखर मेहता रोटरीचे जागतिक अध्यक्ष झाले, तेव्हा प्रत्येकाने एकाला आणावं अशी हाक त्यांनी दिली. भारतातल्या क्लबांनी ती मनावर घेतली. प्रश्न आणण्याचा कधीच नव्हता. आपल्याकडे ओळखीपाळखीच्या, भिडेच्या माणसाला ‘एकदा येऊन तर बघा’ म्हटलं की तो येतोच. आलेल्या माणसाचं दुसऱ्या महिन्यात काय करायचं, तिथे गाडी अडते.

मुळात या क्लबांचा जन्म सेवेतून झाला नाही, हे आपण विसरतो. २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने तीन परिचितांना जमवलं, ते मोठ्या शहरात एकट्या पडलेल्या माणसाला सोबत हवी होती म्हणून, आणि धंद्यात एकमेकांना हात द्यावा म्हणून. बैठक आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत व्हायची, त्यावरून ‘रोटरी’ हे नाव पडलं. समाजकार्य दोन वर्षांनी आलं. शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावं, हा त्यांनी अंगावर घेतलेला पहिला प्रश्न. लायन्सची कथाही याच वळणाची आहे. शिकागोतल्याच मेल्विन जोन्स यांनी १९१७ मध्ये व्यावसायिकांच्या क्लबांना एकत्र आणलं, आणि १९२५ च्या अधिवेशनात हेलन केलर यांनी अंधांसाठी उभे राहा असं आवाहन केल्यावर त्या संघटनेला तिचं काम सापडलं. आज गावोगावी जी मोतीबिंदूची शिबिरं होतात, त्यांचा एक धागा थेट त्या भाषणापर्यंत जातो. मुंबईत रोटरी १९२९ ला आली, लायन्स १९५६ ला. १९७२ मध्ये नाना चुडासामा यांनी मुंबईतच जायंट्सची स्थापना केली. धाटणी तीच, पण मुख्यालय परदेशात नाही, ही आपल्याकडच्या अनेकांना भावलेली गोष्ट.

म्हणजे आधी सोबत, मग काम. ही दोन चाकं जिथे बरोबर फिरली तिथे क्लब टिकले. अलीकडे काय झालं, तर सोबत फेलोशिपच्या जेवणापुरती उरली आणि काम फोटोपुरतं.

पूर्वी सभासद धरून ठेवायचं हत्यार होतं हजेरी. रोटरीची सभा दर आठवड्याला भरायची. सलग चार सभा बुडाल्या, आणि दुसऱ्या एखाद्या क्लबच्या सभेला बसून ‘मेकअप’ही केला नाही, तर सभासदत्व जाऊ शकत असे. त्यामुळे धंद्यानिमित्त कोल्हापूरहून नागपूरला गेलेला माणूस संध्याकाळी तिथला क्लब शोधत जायचा, आणि येताना सहीची चिठ्ठी घेऊन यायचा. त्या चिठ्ठीने ओळखीही करून दिल्या, हे खरं. ज्येष्ठांसाठी सवलत होती, तिचं गणित मजेशीर आहे: वय आणि सभासदत्वाची वर्षं मिळून ८५ भरली की हजेरीतून सुटका मागता येते. २०१६ मध्ये रोटरीने हे नियम बरेच सैल केले. महिन्यातून किमान दोनदा भेटा, कसं भेटायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, असं क्लबांना सांगितलं. नियम सैल झाला ते बरंच झालं, कारण धाकाने बसलेला माणूस सभेत असून नसल्यासारखाच असतो. पण सक्तीच्या जागी दुसरं काही यायला हवं होतं. ते बहुतेक ठिकाणी आलं नाही. व्हॉट्सॲपचा ग्रुप आला, आणि त्यावर वाढदिवसाचे केक.

एखाद्या सर्वसाधारण क्लबची सभा डोळ्यांसमोर आणा. वेळ साडेसातची, सुरुवात आठ वीसला. घंटा वाजते. राष्ट्रगीत किंवा प्रार्थना होते. मग व्यासपीठावरच्यांचं पुष्पगुच्छ देऊन स्वागत, स्वागत करणाऱ्याचा परिचय, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्याचे आभार. सचिव इतिवृत्त वाचतात, महिन्यातले वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस होतात. साडेनवाला वक्ते उभे राहतात तेव्हा मागच्या टेबलावर झाकणांचा आवाज सुरू झालेला असतो. दाराजवळच्या खुर्चीवर गेल्या महिन्यात आलेला नवा सभासद बसलेला असतो. सिव्हिल इंजिनियर असेल, नाही तर औषधांचा होलसेलर. दोन तासांत त्याला कोणी एक प्रश्न विचारलेला नसतो. विचारलंच तर, ‘जेवलात ना?’ तिसऱ्या सभेला त्याची ‘साइटवर अडकलोय’ अशी फोनवरची ओळ येते, पाचवीला तीही येत नाही.

लायन्सच्या परंपरेत यावर एक उतारा होता, आणि तो मला फार हुशारीचा वाटतो. तिथे ‘टेल ट्विस्टर’ नावाचा पदाधिकारी असतो. सभेत हशा पिकवणं आणि सभासदांना क्षुल्लक कारणांवरून दंड करणं, हे त्याचं अधिकृत काम. बॅज विसरलात, दंड. पेपरात फोटो आला, दंड. एका सभेत एकाला दोनदाच दंड करता येतो, आणि टेल ट्विस्टरला दंड करायचा तर हजर असलेल्या सगळ्यांचं एकमत लागतं, असं नमुना पोटनियमांत लिहिलेलं आहे. वरवर पोरकटपणा वाटतो. पण त्यात प्रत्येक सभासदाकडे कोणाचं तरी लक्ष असतं. नव्या माणसाचंही नाव पुकारलं जातं, त्याची फिरकी घेतली जाते, आणि त्या क्षणी तो आपल्यातला होतो. आपल्याकडे हे पद पत्रिकेवर छापलं जातं. ते नीट चालवणारा टेल ट्विस्टर मात्र विरळा.

आता त्याच क्लबचं नेत्रशिबिर पाहा. जिल्हा परिषदेच्या शाळेची पडवी. सकाळी सातपासून आजूबाजूच्या वाड्यांवरून म्हातारी माणसं वडाप जीपने, नातवाच्या मोटरसायकलवर येऊन बसलेली. नोंदणीच्या टेबलावर आधार कार्ड, मागे थेंब घालायची रांग, पुढे तपासणी. ज्यांची शस्त्रक्रिया ठरली, त्यांच्या कपाळावर त्या डोळ्याच्या बाजूला चिकटपट्टीचा तुकडा लावायचा असतो. ही पट्टी लावणाऱ्याला चूक करून चालत नाही, आणि ते तो जाणून असतो. सभेत गप्प बसणारा हार्डवेअरचा दुकानदार इथे शर्टाच्या बाह्या सरसावून ‘मावशी, डावा की उजवा?’ असं पाच-पाच वेळा विचारताना दिसतो. दोन दिवसांनी रुग्णांना रुग्णालयातून घरी पोचवायला आपला टेम्पो देतो, ड्रायव्हर नसला तर स्वतः चालवतो. असा माणूस क्लब सोडत नाही. त्याला पीएचएफची, म्हणजे ‘पॉल हॅरिस फेलो’ची, पिन मिळो न मिळो, पुढच्या शिबिराची तारीख तोच विचारत राहतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की सभासद भाषणांनी, पारितोषिकांनी, सहलींनी थोडे दिवस टिकतो. त्याच्या नावावर एक काम असेल, आणि तो आला नाही तर ते अडणार असेल, तर तो वर्षानुवर्षं टिकतो. क्लबांची रचना नेमकी याच्या आड येते, कारण सगळी सूत्रं एका वर्षाच्या मुदतीला बांधलेली आहेत.

दर १ जुलैला अध्यक्ष बदलतो. सत्ता कोणाच्या हातात साचू नये म्हणून ही पद्धत पडली आणि तिचे फायदेही आहेत; गावातल्या किती तरी बुजऱ्या माणसांना तिने माईकसमोर उभं केलं. पण नव्या अध्यक्षाला स्वतःचं काहीतरी दाखवायचं असतं. गेल्या वर्षी लावलेली झाडं ही मावळत्या अध्यक्षांची झाडं. त्यांना उन्हाळ्यात पाणी घालण्यापेक्षा नव्या जागी नवे खड्डे घेणं बरं, कारण वरून मिळणाऱ्या सायटेशनच्या, म्हणजे प्रशस्तिपत्राच्या, गुणांत नवे खड्डे मोजले जातात. ज्या सभासदाने गेल्या वर्षी टँकर मिळवण्यासाठी खटपट केली, त्याला कळतं की आपलं काम कोणाला नको आहे. तो काही बोलत नाही. नव्या अध्यक्षांच्या काळात तो ‘जरा बिझी’ होतो.

आकड्यांचा खेळही याच मुदतीचा. वरच्या कार्यालयाला भरायची वर्गणी माणशी असते, आणि मोजदाद १ जुलै व १ जानेवारीला होते. म्हणून जूनअखेर थकबाकीदारांची नावं कापायची, आणि बक्षिसासाठी लागले तर त्याआधी नवे सभासद भरून घ्यायचे. काही अध्यक्ष दोन-चार नावांची वर्गणी स्वतःच्या खिशातून भरतात, असं क्लबांच्या वर्तुळात उघड बोललं जातं. कागदावरचा असा सभासद दिवाळीच्या स्नेहमेळाव्यालाही दिसत नाही.

एका वर्षाच्या या रचनेला पुरून उरलेलं एक काम आहे, आणि तेच रोटरीचं सर्वांत मोठं काम ठरलं. पोलिओ निर्मूलनाची मोहीम तिने १९८५ मध्ये हाती घेतली. भारतात १९९५ पासून सरकारच्या पल्स पोलिओ मोहिमेत क्लब उतरले. रविवारी सकाळी बूथवर बसायचं, बर्फाच्या डब्यातली लस जपायची, बाळाच्या तोंडात दोन थेंब गेले की डाव्या करंगळीला शाई लावायची, दुसऱ्या दिवशी राहिलेली घरं शोधायची. मुलांच्या शिट्ट्या आणि टोप्या आणणारेही सभासदच. अध्यक्ष किती आले नि गेले, पण काम बदलायचा अधिकार कोणालाच नव्हता. १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमधल्या हावड्यात देशातला शेवटचा रुग्ण सापडला, आणि २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. बूथवर बसलेले जुने सभासद आजही त्या रविवारांविषयी ज्या ओढीने बोलतात, तशी ओढ ब्लँकेटवाटपाच्या आठवणीत नसते.

बायकांचा मुद्दा थोडक्यात पण स्पष्ट सांगायला हवा. क्लबांतल्या स्त्रियांच्या सभासदत्वाविषयी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९८७ मध्ये आला, त्याच वर्षी लायन्सने आणि १९८९ मध्ये रोटरीने स्त्रियांना सभासदत्व खुलं केलं. त्याआधी त्या ‘ॲन’ होत्या, म्हणजे रोटेरियनच्या पत्नी. निम्मं गाव दाराबाहेर ठेवून सभासद मिळत नाहीत म्हणणारे लोक तेव्हा होते. आजही अनेक ठिकाणी वकील, डॉक्टर बाईंना सभासद करून घेतात आणि रांगोळी व सूत्रसंचालन त्यांच्याकडे देतात. त्या वर्षभर थांबतात, मग स्वतःचा गट काढतात. अशा गटांची कामं मी पाहिली आहेत, आणि नुकसान कोणाचं झालं याबद्दल मला शंका नाही.

तरुणांचंही असंच. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे. दोन वर्षांत २४० तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर. महाराष्ट्रातल्या कॉलेजांतून निघालेल्या लाखो मुलामुलींनी बंधारे बांधलेत, शोषखड्डे खणलेत, रात्री पथनाट्यं केली आहेत. तिशीत पोचल्यावर ही माणसं क्लबांत का दिसत नाहीत? निमंत्रणाशिवाय दार उघडत नाही, वर्गणी बोचते, आणि हॉटेलातलं जेवण त्या शिबिरातल्या पिठलं-भाकरीच्या जवळपासही जात नाही. रोटरॅक्टची, म्हणजे रोटरीच्या तरुण शाखेची, वरची वयोमर्यादा २०२० मध्ये उठली, तेव्हा तीस ओलांडलेल्यांना राहायला जागा झाली. जेसीज या तरुणांच्या संघटनेत उलट, चाळिशीला बाहेर पडावंच लागतं. गंमत अशी की त्या सक्तीमुळेच तिथे पस्तिशीचा माणूस घाईने शिकतो, शिकवतो, आणि अनेक गावांतले चांगले वक्ते त्या प्रशिक्षणांतून निघालेले असतात.

रॉबर्ट पटनम यांचं ‘बोलिंग अलोन’ हे पुस्तक २००० मध्ये आलं, आणि अमेरिकेत क्लब, मंडळं, संघटना कशा ओसरत गेल्या याची चर्चा जगभर झाली. आपल्याकडचे क्लबवाले ‘आता माणसांना वेळच नाही’ म्हणत त्याच दुखण्याचा दाखला देतात. मला ते पटत नाही. त्याच गावात गणेशोत्सवाआधी महिनाभर रात्री एकपर्यंत मांडवात पोरं राबत असतात. तिथे फॉर्म नाही, पिन नाही. नवा पोरगा कोपऱ्यात उभा दिसला की कोणीतरी त्याच्या हातात दोरी देतं, नाही तर पावतीपुस्तक. परदेशातल्या मराठी मंडळांचंही तेच: १९३२ पासून चालत आलेलं लंडनचं महाराष्ट्र मंडळ असो, की दर दोन वर्षांनी अधिवेशन भरवणारं, १९८१ साली स्थापन झालेलं उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ. खुर्च्या लावण्यापासून स्वयंपाकापर्यंत सगळं स्वयंसेवकांवर असतं. मंडळांत भांडणं कमी नाहीत. पण भांडणारा माणूस निदान गुंतलेला तरी असतो.

काही क्लबांनी एका वर्षाच्या पेचातून वाट काढली ती ट्रस्टची. नेत्ररुग्णालय, रक्तपेढी, डायलिसिस केंद्र किंवा मतिमंद मुलांची शाळा वेगळ्या धर्मादाय न्यासाकडे ठेवायची. क्लबचे अध्यक्ष बदलत राहोत, विश्वस्त पाच-दहा वर्षं तेच. महाराष्ट्रात अशी केंद्रं अनेक शहरांत उभी आहेत आणि त्यांनी उत्तम काम केलं आहे. तिथे सभासदांना ठरलेली कामंही मिळतात: खरेदी समिती, रविवारची ओपीडी, देणगीदारांशी पत्रव्यवहार. पण यातही एक गाठ बसते. विश्वस्तपदावर गेलेली मंडळी उठत नाहीत. यंत्रांच्या खरेदीपासून शिपायाच्या रजेपर्यंत सगळं सत्तरीतल्या चार-पाच जणांच्या हातात, आणि नव्या अध्यक्षाच्या वाट्याला वृक्षारोपण, वह्यावाटप आणि प्रांतपालांची व्हिजिट. क्लब ज्या कामामुळे गावात ओळखला जातो, त्या कामाला चाळिशीतल्या सभासदाचा हातच लागत नाही. एक-दोन ठिकाणी आता विश्वस्तांची मुदत ठरवली आहे, दर वर्षी एक जागा पाच वर्षांच्या आतल्या सभासदाला राखून ठेवली आहे, आणि त्यांतल्या एका ठिकाणी पहिल्याच बैठकीत त्याच्याकडे रक्तपेढीच्या फ्रिजचा देखभाल करार सोपवला आहे. त्याला तो वाचायलाच दोन आठवडे लागले, असं तिथले विश्वस्त कौतुकाने सांगतात.