उपकरणचालकांतील अक्षरमालिका व तिचे अंत्यचिन्ह

सी भाषेतील अक्षरमालिकेचा शेवट शून्यमूल्याच्या एका बाइटाने दर्शविला जातो. तिची लांबी अन्यत्र कोठेही नोंदलेली नसते. हे चिन्ह गळाले म्हणजे वाचणारी आज्ञावली पुढील स्मृती वाचतच राहते. लिनक्सचे उपकरणचालक कर्नेलच्या पूर्ण अधिकाराने चालत असल्यामुळे तेथे हा प्रमाद विशेष घातक ठरतो.

अशा पुष्कळ दोषांचे मूळ ‘स्ट्रएनकॉपी’ या फलनात सापडते. त्याचे वर्तन विचित्र खरे, परंतु त्याला इतिहास आहे. जुन्या युनिक्समध्ये फाइलीच्या नावासाठी नेमके 14 बाइटांचे घर असे. नाव आखूड असल्यास उरलेली जागा शून्यांनी भरावयाची, आणि घर पूर्ण भरल्यास अंत्यचिन्ह लिहावयाचेच नाही, असा तेथील संकेत होता. संकेत मागे पडला. फलन मात्र सर्वत्र पसरले. पुढे आलेले ‘स्ट्रएलकॉपी’ अंत्यचिन्ह लिहिते, पण मूळ मालिकेची लांबी सांगता यावी म्हणून ती अखेरपर्यंत वाचते. मूळ मालिकाच अंत्यचिन्हहीन असेल तर हा उपाय व्यर्थ होय. 2024 साली ते कर्नेलमधून काढून टाकण्यात आले. 2015 साली आलेले ‘स्ट्रएसकॉपी’ दिलेल्या मर्यादेपलीकडे वाचत नाही आणि मालिका कापली गेल्यास ऋण संख्या परत देते.

तथापि केवळ फलनाचे नाव बदलून दुरुस्ती पुरी होत नाही. जुने फलन उरलेली जागा शून्यांनी भरीत असे. नवे तसे करीत नाही. तो संपूर्ण साठा पुढे वापरकर्त्याकडे जात असेल, तर पूर्वीच्या स्मृतीचे अवशेषही त्याच्याबरोबर बाहेर पडतात. म्हणून प्रत्येक ठिकाणी ती शून्ये हेतुपुरस्सर होती की आनुषंगिक, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. हे काम पाठचिकित्सेहून फारसे भिन्न नाही.

देवनागरीच्या अभ्यासकाला आणखी एक दोष उद्बोधक वाटेल. वापरकर्त्याने लिहिलेल्या मूल्याच्या शेवटचे नवओळीचे चिन्ह काढण्यासाठी चालक ‘स्ट्रिम’ हे फलन वापरतात. कर्नेलच्या वर्णसारणीत 160 हे मूल्य कोऱ्या जागेच्या वर्गात आहे; तो लॅटिन-1 संकेताचा वारसा होय. यूटीएफ-8 मध्ये मात्र ‘ठ’च्या तीन बाइटांतील शेवटचा बाइट नेमका 160 आहे. परिणामी ‘पाठ’ या 9 बाइटांच्या शब्दाचे 8 उरतात आणि ‘ठ’ वाचता येत नाही. ‘पाठी’ सुखरूप राहतो, कारण त्याच्या शेवटी वेलांटीचा बाइट असतो.