रिकामा बाक आणि गावाची जबाबदारी

दिवाळीची सुटी संपून महाविद्यालय पुन्हा सुरू होते, तेव्हा मराठवाड्यातील आमच्यासारख्या गावी वर्गातील काही बाक रिकामे दिसू लागतात. साखर कारखान्यांचे गाळप सुरू झालेले असते आणि मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे मुलाबाळांसह पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे रवाना झालेली असतात. हजेरीपत्रकावर अनुपस्थितीची खूण करण्याची आम्हा शिक्षकांना इतकी सवय झाली आहे की, त्या खुणेमागे काय घडले असेल हा प्रश्नही मनात येत नाही. काही वर्षांपूर्वी अकरावीच्या वर्गातील एक हुशार मुलगी अशीच येईनाशी झाली. ती आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली असेल, असे प्रस्तुत लेखकाने गृहीत धरले. फेब्रुवारीत कळले की ती ऊसतोडीला गेली हे खरे, परंतु आईवडिलांबरोबर नव्हे, नवऱ्याबरोबर. तिला तेव्हा सतरावे वर्ष चालू होते. तिचे लग्न ठरल्याचे वर्गातील चार मैत्रिणींना दिवाळीपूर्वीच ठाऊक होते. त्यांना कोणी विचारले नाही. त्यांनीही कोणाला सांगितले नाही.

या घटनेचा दोष केवळ आईबापांच्या अज्ञानावर टाकून मोकळे होणे सोपे आहे. पण ते अर्थशास्त्राला धरून होणार नाही. ऊसतोडीच्या व्यवहारात मजुरीचे एकक माणूस नसून जोडपे आहे. नवराबायको मिळून एक 'कोयता' होतो आणि उचल मिळते ती कोयत्यावर. लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो. दुसरीकडे, आईवडील वर्षातील पाचसहा महिने फडावर असताना वयात आलेली मुलगी गावी आजीजवळ ठेवावी तर धास्ती, आणि दार नसलेल्या कोपीत बरोबर न्यावी तर त्याहून अधिक धास्ती. अशा पेचात सापडलेल्या बापाला मुलीचे लग्न हाच सुरक्षिततेचा मार्ग वाटतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी अठराव्या वर्षाआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के होते. ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बीडमध्ये ते ४३ टक्क्यांवर होते.

ही सुरक्षितता अर्थातच आभासी आहे. अठरा वर्षांखालील पत्नीशी ठेवलेला शरीरसंबंध हा बलात्कारच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला आहे. म्हणजे ज्या अत्याचाराच्या भीतीने मुलीला उजवले जाते, तोच अत्याचार मंगलाष्टकांच्या साक्षीने तिच्या वाट्याला येतो.

मुलांना धोका अनोळखी माणसांकडूनच असतो, ही आपली समजूतही तपासून पाहिली पाहिजे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांना बोलते करण्यात आले होते. त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी लैंगिक अत्याचाराचा कोणता ना कोणता प्रकार सोसल्याचे सांगितले. अत्याचार करणाऱ्यांत जवळजवळ निम्मे मुलांच्या ओळखीचे व विश्वासातले होते, आणि बहुसंख्य मुलांनी त्याची वाच्यता कोणाजवळही केलेली नव्हती. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या घटनेनंतर लोक रस्त्यावर उतरले. तो संताप स्वाभाविकच होता. पण संताप हा नेहमी घटनेनंतर येतो. घटनेपूर्वी काय असावे, हा खरा प्रश्न आहे.

कायद्यांची आपल्याकडे उणीव नाही. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती असूनही ती पोलिसांना न देणे हाच गुन्हा ठरतो. २००६ च्या कायद्याखाली गावातील बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीच्या सचिवावर, म्हणजे लोक ज्याला अजून ग्रामसेवक म्हणतात त्याच्यावर, आहे. परंतु ही सारी यंत्रणा हलते ती कोणीतरी बोलल्यावर. अर्थशास्त्रात आम्ही माहितीच्या विषमतेविषयी शिकवतो. येथे ती अगदी ढोबळ रूपात दिसते: ज्याला माहीत असते त्याच्या हाती अधिकार नसतो, आणि ज्याच्या हाती अधिकार असतो त्याला काही माहीत नसते. त्या चार मैत्रिणी आणि हजेरी घेणारा प्राध्यापक यांच्यातील अंतर ते हेच.

हे अंतर गावानेच कमी केले पाहिजे. २००९-१० पासूनच्या एकात्मिक बालसंरक्षण योजनेत सरपंचाच्या अध्यक्षतेखाली ग्राम बालसंरक्षण समिती आणि तीत मुलांचे दोन प्रतिनिधी अशी तरतूद करण्यात आली. पुष्कळ गावी ती कागदावरच राहिली, हे मान्य करावे लागेल. शेजारच्या कर्नाटकात मुलांच्या ग्रामसभा भरवण्याची प्रथा शासनानेच रूढ केली. शाळेची वाट, ओढ्यावरचा साकव असे प्रश्न मुले तेथे मांडतात. साकवाविषयी ज्या मुलाचे ऐकले जाते, तेच मूल पुढे अधिक अवघड गोष्ट सांगण्याचे धैर्य करू शकते.

आपल्या गावांतूनही दसऱ्याच्या सुमारास अशी सभा व्हावी. कोणती कुटुंबे जाणार, त्यांचे कोणते मूल कोणाजवळ राहणार, याची यादी तेथे व्हावी. हंगामी वसतिगृह शाळा व्यवस्थापन समितीने गाळप सुरू होण्याआधी उघडावे. या समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात, तेव्हा हे काम परक्याचे नाही. प्रत्येक मुलाने विश्वासाची दोन मोठी माणसे निवडावीत, त्यांतले एक घराबाहेरचे असावे. आणि सरपंच वा मुख्याध्यापक हाच आरोपीचा नातलग निघण्याचा संभव असल्यामुळे, १९९६ साली मुंबईत सुरू झालेल्या व पुढे देशभर पसरलेल्या १०९८ या सेवेचा क्रमांक प्रत्येक मुलाला पाठ असावा.

यावर दोन आक्षेप येतात. मुले शेफारतील, हा पहिला. गावाची अब्रू जाईल, हा दुसरा. मुलांच्या मौनावर उभी असलेली अब्रू किती काळ टिकवायची, हे ज्याचे त्याने ठरवावे. तथापि एक तिसरा धोका अधिक गंभीर आहे. मुलांना खंबीर करावयाचे म्हणजे रक्षणाचा भार त्यांच्याच खांद्यावर टाकून मोठ्यांनी निश्चिंत व्हायचे, असा अर्थ कोणी काढू नये. मूल खंबीर होते ते त्याच्या बोलण्यानंतर कोणीतरी जागचे उठते म्हणून. बोलूनही काही घडले नाही, तर ते पुन्हा तोंड उघडणार नाही.

प्रस्तुत लेखक आता एक साधा नियम पाळतो. कोणी विद्यार्थी सलग तीन दिवस दिसला नाही की त्याच्या शेजारी बसणाऱ्यांना वर्गाबाहेर, एकेकट्याने विचारायचे. त्यामुळे एक लग्न लांबले आणि ती मुलगी बारावी झाली. दुसऱ्या वेळी उशीर झाला होता. हिशेब समाधानकारक नाही; पण पूर्वी हिशेबच नव्हता. आपल्यापैकी पुष्कळांच्या टेबलावर रोज हजेरीपत्रक असते. त्यातील रिकाम्या चौकटीची चौकशी करायला शासनाच्या नव्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.