शौचातलं रक्त दरवेळी मूळव्याधीचंच नसतं

बचत गटाच्या बैठकीत आपण कर्ज, हप्ता, व्याज सगळं मोकळेपणानं बोलतो. पण शौचातून रक्त पडतं, हे सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही. "मूळव्याध असेल, उष्णता झाली असेल," म्हणत महिनोन्‌महिने अंगावर काढतो. बऱ्याचदा ती मूळव्याधच असते. पण कधी कधी तो मोठ्या आतड्याचा कॅन्सर असतो.

हा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. बहुतेक वेळा आतड्याच्या आतल्या अस्तरावर आधी छोटा कोंब येतो. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. सगळ्याच कोंबांचा कॅन्सर होत नाही. ज्यांचा होतो, त्यांनाही साधारण दहा वर्षं लागतात. तेवढ्या काळात कोंब सापडला, तर तो बहुधा दुर्बिणीतूनच काढता येतो, पोटावर चीर द्यावी लागत नाही.

कोंबातून किंवा गाठीतून थोडं थोडं रक्त झिरपतं, ते डोळ्यांना दिसत नाही. ते शोधायला शौचाचा अगदी थोडा नमुना पुरतो. जपानमध्ये चाळिशीपुढच्या लोकांसाठी ही तपासणी १९९२ पासून सुरू आहे. इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या लोकांना दर दोन वर्षांनी नमुन्याची डबी टपालानं घरी येते. रक्त आढळलं म्हणजे कॅन्सर ठरला असं नाही. मग दुर्बिणीनं आतडं तपासतात.

आपल्या गावात आशाताई ३० वर्षांपुढच्यांचा फॉर्म भरतात. त्यातून बीपी, शुगर आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुख यांच्या कॅन्सरची तपासणी होते. ती जरूर करून घ्या. पण आतड्याची तपासणी त्यात नाही. हा आजार त्या देशांच्या मानानं आपल्याकडे कमी आहे. म्हणूनच लक्षणं आपणच ओळखायला हवीत:

• शौचातून रक्त पडणं.
• शौचाची सवय बदलणं, म्हणजे कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ, आणि हे तीन आठवड्यांहून जास्त चालणं.
• पोट साफ झालं नाही असं सारखं वाटणं.
• पोटात दुखणं, कारण नसताना वजन उतरणं.
• रक्त कमी होणं, थकवा.

शेवटचं लक्षण बायकांच्या बाबतीत हमखास निसटतं. हिमोग्लोबिन कमी आलं की आपण पाळीवर ढकलतो. पण पाळी बंद झालेल्या बाईचं रक्त कमी होत असेल, तर ते जातंय कुठं, हे शोधायलाच हवं. नुसत्या गोळ्यांवर थांबू नका. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, म्हणून त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा.

आई, वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा कॅन्सर झाला असेल, तर त्रास नसतानाही डॉक्टरांना विचारा.

दवाखान्यात गेल्यावर "पोट बरं नाही" एवढंच सांगू नका. रक्त कधीपासून पडतंय, किती पडतंय, ते स्पष्ट सांगा. डॉक्टर बोटानं आतून तपासतील. लाज वाटली तर सोबत मैत्रीण न्या. खर्चाच्या धास्तीनं थांबू नका. कॅन्सरचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतात, त्यांना रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाखवून विचारा.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की ही लक्षणं एकदा मोठ्यानं वाचा. जिला त्रास असेल, ती तिथं बोलेलच असं नाही. तिनं नंतर एकटीला गाठून सांगितलं, तर तिच्यासोबत दवाखान्यात जा.