आजीच्या ओव्या आणि अडकलेली डीव्हीडी

दिवाळीच्या साफसफाईत माळा तुमच्या वाट्याला आला असेल, तर ते काळं चेनवालं पाऊच तुम्हालाही सापडलं असेल. आत प्लॅस्टिकच्या कप्प्यांमध्ये वीस-पंचवीस सीडी आणि डीव्हीडी. एकीवर मार्करनं लिहिलेलं 'ताईचं लग्न, भाग २', दुसरीवर 'गॅदरिंग', तिसरीवर नुसतंच 'नवीन'. भाग १ कुठे गेला ते घरात कुणालाच आठवत नाही. आपण दोन मिनिटं चाळतो, 'टाकून द्यायचं का हे?' असं विचारतो, आई 'राहू दे' म्हणते आणि पाऊच परत माळ्यावर जातं.

यंदा ते परत ठेवू नका. का, ते सांगते.

आमच्या पाऊचमध्ये एक डीव्हीडी होती, 'आजी, सहस्रचंद्रदर्शन, २००७'. त्या सोहळ्यात जेवणं उरकल्यावर सगळ्यांनी आग्रह केला आणि आजीनं जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. तिचा आवाज असलेलं आमच्याकडे एवढंच आहे. शूटिंगवाल्या काकांना फोन केला, तर ते म्हणाले, "ताई, ती कॅसेट पुढच्याच लग्नाला वापरली असणार." म्हणजे जे काही उरलं होतं ते या एका तबकडीवर. आणि गावाहून आत्याचा फोन, "आईच्या ओव्या मला एकदा ऐकव गं. आवाज आता नीट आठवत नाही तिचा."

दहा मिनिटांचं काम, असं वाटलं होतं. तीन आठवडे लागले.

चालत नाही म्हणजे नक्की काय?

पहिली अडचण तुमच्याही लक्षात आली असेल. लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नाही. मैत्रिणीकडून यूएसबीवर चालणारा ड्राइव्ह आणला, डिस्क घातली, डबल क्लिक केलं. काहीच नाही! मला वाटलं डिस्क गेली. पण डिस्क ठीक होती, लॅपटॉपला ती चालवता येत नव्हती. विंडोज ७ च्या बऱ्याचशा आवृत्त्यांमध्ये डीव्हीडी बघायची आणि बनवायची सोय आपोआप मिळायची. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हा ती काढून टाकली गेली.

मग व्हीएलसी टाकलं. हा फुकटातला प्लेअर विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमधून जन्मला, हे माहीत आहे का? १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजातल्या मुलांनी कॅम्पसच्या नेटवर्कवर व्हिडिओ बघता यावेत म्हणून तो सुरू केला आणि २००१ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. डीव्हीडी वाचायला लागणारं सगळं तो स्वतःबरोबर घेऊन येतो, त्यामुळे विंडोजनं हात वर केले तरी त्याचं अडत नाही.

आणि आजी दिसली! नऊवारी, नाकात नथ, ओवाळणारी मंडळी. एक्केचाळीस मिनिटं सगळं छान. ओव्या सुरू होणार, तेवढ्यात चित्राच्या चौकटी चौकटी झाल्या, ड्राइव्ह घर्रर्र करायला लागला आणि लॅपटॉप गोठला. फाइल कॉपी करून बघितली, तर तिथेच एरर. तीनदा केलं, तीनदा तेच.

इथे आपण सगळे एक चूक करतो. डिस्क, ड्राइव्ह आणि सॉफ्टवेअर या तिघांपैकी कोण बिघडलंय ते न बघता 'डीव्हीडीच बेकार' म्हणून मोकळे होतो. पण तपासणं सोपं आहे. दुसरी एखादी डिस्क त्याच ड्राइव्हमध्ये घाला. ती चालली तर ड्राइव्ह ठीक. मग तीच अडकणारी डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला, कारण एका ड्राइव्हला न वाचता आलेलं दुसऱ्याला अनेकदा वाचता येतं. आणि यूएसबी ड्राइव्ह हबला न लावता थेट लॅपटॉपला लावा. डिस्क फिरवायला वीज लागते, ती कमी पडली तरी असलेच झटके येतात.

डिस्क म्हातारी का होते?

सिनेमाची विकत घेतलेली डीव्हीडी आणि शूटिंगवाल्यानं दिलेली डीव्हीडी दिसायला सारख्या असल्या तरी आतून वेगळ्या असतात. पहिलीत माहितीचे सूक्ष्म खड्डे कारखान्यात साच्यानं उमटवलेले असतात. दुसरीत रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो आणि रायटरचा लेझर त्यावर खुणा भाजतो, म्हणून तर 'बर्न करणं'. हा थर ऊन, उष्णता आणि दमट हवेनं हळूहळू खराब होतो. आपल्याकडचा माळा म्हणजे उन्हाळ्यात भट्टी आणि पावसाळ्यात ओल. आईनं जपून ठेवलेली डिस्क जपण्याच्या जागेनंच खराब होत असते.

ओरखड्यांचंही गणित आहे. सीडीत माहितीचा थर वरच्या, म्हणजे नाव लिहिलेल्या बाजूला अगदी लागून असतो. त्यामुळे खालच्या चकचकीत बाजूपेक्षा वरचा ओरखडा जास्त घातक. डीव्हीडीत हा थर प्लॅस्टिकच्या दोन चकत्यांच्या मधोमध असतो. पुसताना मऊ कापडानं मधून बाहेर सरळ पुसा, गोल गोल नको. डिस्क गोल फिरत असताना लेझर वाचतो, आडवा ओरखडा तो ओलांडून जातो, पण वाटेतच लांबवर पडलेला ओरखडा त्याला झेपत नाही.

आणि ते घर्रर्र? न वाचलेला तुकडा ड्राइव्ह पुन्हा पुन्हा, वेग कमी करून वाचायचा प्रयत्न करतो, त्याचा तो आवाज. साधं कॉपी-पेस्ट अशा वेळी पहिल्याच न वाचलेल्या तुकड्याला हार मानतं. आमच्या कॉलेजच्या लॅबमधल्या सरांनी लिनक्सवरचं 'डीडीरेस्क्यू' सुचवलं. ते आधी सोपं सोपं सगळं उचलतं, अवघड तुकडे मागे ठेवतं आणि कुठे काय राहिलं याचा नकाशा लिहून ठेवतं. मग पुन्हा त्या तुकड्यांकडे वळतं. तोच नकाशा घेऊन तुम्ही डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली, तर फक्त राहिलेलंच वाचतं. आपण पेपरात अवघड प्रश्न शेवटी सोडवतो ना, तसंच. मी रात्रभर चालू ठेवलं, मग मैत्रिणीचा ड्राइव्ह काढून लॅबचा लावला. शेवटी अकरा सेकंद सोडून सगळं हाती आलं.

आत्याला 'तबकडी'च हवी होती

आता फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली की झालं, नाही का? पण आत्याकडे टीव्हीखाली अजून जुना डीव्हीडी प्लेअर आहे आणि त्याला पेन ड्राइव्ह लागत नाही. "मोबाईलवर आई एवढीशी दिसते. मला तबकडी दे." आता बोला!

इथून दुसरा अध्याय. व्हिडिओची फाइल कोऱ्या डीव्हीडीवर कॉपी केली. लॅपटॉपवर मस्त चालली, आत्याच्या प्लेअरनं मात्र 'नो डिस्क' म्हणून तोंड फिरवलं. कारण ती झाली नुसती डेटा डिस्क. जुन्या प्लेअरला व्हिडिओ ठराविक साच्यातच लागतो. तो सहसा एमपेग-२ मध्ये हवा आणि 'व्हिडिओ टीएस' नावाच्या फोल्डरमध्ये ठराविक फाइलींत बसवलेला हवा. हे बसवण्याला ऑथरिंग म्हणतात.

त्यासाठी एक फुकट सॉफ्टवेअर उतरवलं. मेनू बनवला, मागे आजीचा फोटो लावला, फुलांची नक्षी टाकली. दोन तास रूपांतर चाललं. ९९ टक्के. आणि ९९ टक्केच. जेवून आले तरी ९९ टक्के. शेवटी बंद केलं, तर प्रोजेक्ट सेव्हच केलेला नव्हता. दुसऱ्यांदा 'यशस्वी' असा हिरवा शेरा आला आणि डिस्क कुठेच चालेना. असल्या वेळी आपल्यालाच कॉम्प्युटर येत नाही असं वाटतं, डोळ्यांत पाणी येतं. पण सॉफ्टवेअरच्या लेखी 'यशस्वी' म्हणजे 'मी माझ्याकडून लिहिलं', एवढंच असू शकतं. लिहिलेलं वाचता येतं का, हे त्यानं बघितलेलंच नसतं.

चार डिस्क वाया घालवून शिकलेलं तुम्हाला आयतं देते. रूपांतर आणि बर्निंग एका दमात करू नका. आधी हार्ड डिस्कवर आयएसओ फाइल बनवा, ती व्हीएलसीत शेवटपर्यंत बघा, मगच बर्न करा. डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेलं असलं तरी विंडोजच्या मोजणीत ते साधारण ४.३७ भरतात, कारण कंपनी हजारानं मोजते आणि विंडोज १०२४ नं. काठोकाठ भरायला गेलात की बोंबललं. सेटिंगमध्ये पाल निवडा, एनटीएससी नको, कारण आपल्याकडचे जुने टीव्ही पालचे. वेग १६ एक्सऐवजी ४ किंवा ८ एक्स ठेवा. 'फायनलाइज' आणि 'व्हेरिफाय' या दोन्हींवर टिक करा. पहिल्यानं डिस्क बंद होते आणि इतर प्लेअर ती ओळखतात, दुसऱ्यानं लिहिलेलं परत वाचून तपासलं जातं. आणि फुलांची नक्षी राहू द्या. मेनू नसेल तर अडकायची एक जागा कमी.

पाचवी डिस्क चालली. ती घेऊन मीच गावी गेले. आत्यानं प्लेअरवरचा रुमाल काढला, तबकडी सरकवली आणि खुर्ची टीव्हीजवळ ओढली. ओव्या सुरू झाल्या. मध्ये ते अकरा सेकंद आले, आजीचा चेहरा चौकटींत विरला आणि आवाज गेला. मी सॉरी म्हणणार, तर आत्या ती ओळ स्वतःच म्हणत होती. पुढच्या ओळीला आजी परत आली.

तुमच्या घरात अशी आत्या असेलच असं नाही. म्हणून सुट्टीत एक दुपार काढा. एकमेव प्रत असलेल्या घरच्या डिस्क आधी वेगळ्या करा, सिनेमे नंतर. मित्रांत मिळून एक ड्राइव्ह घ्या. प्रत्येक डिस्कची आयएसओ करा, दोन ठिकाणी ठेवा आणि फाइलला नाव, वर्ष नीट द्या. 'नवीन' असं लिहू नका, प्लीज!