पडदा म्हणजे भिंत नव्हे

बसने वळण घेतले की आपण बाहेरच्या बाजूला कलतो. ट्रकमधल्या मालाचेही तसेच होते. ब्रिटनमध्ये अनेक ट्रेलरना बाजूंना भिंतींऐवजी सरकते पडदे असतात. त्यामुळे माल झटपट भरता येतो. पण साधा पडदा पाऊस अडवतो, माल नव्हे. तिथल्या नियमांप्रमाणे बांधणीने पुढच्या दिशेला मालाच्या वजनाइतके, तर बाजूंना व मागे निम्म्या वजनाइतके बल पेलायला हवे. म्हणजे १० टन मालासाठी बाजूला ५ टन! छतापासून लोंबणारे आतले पट्टे हलक्या मालापुरतेच. जड माल ट्रेलरच्या सांगाड्यालाच आवळावा लागतो. चालकांची तक्रार इथेच आहे : माल भरतात दुसरे, जाब मात्र चालकालाही द्यावा लागतो.

ट्रेमध्ये खोका ठेवून ट्रे झटकन वळवू या. मग खोका ट्रेला बांधून पुन्हा वळवू या. फरक मुलेच सांगतील.