हप्ता एकाचा, हिस्सा सर्वांचा

परभणीहून जिंतूरकडे निघाले की वाटेत झरी लागते. कापूस, सोयाबीन आणि तुरीचा हा भाग. रस्त्यालगत चार हात जागा असण्याचे मोल इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. त्यामुळे अशा गावातला मुलगा रियाध, दुबई किंवा दोह्याला कामाला लागला आणि दोन-तीन वर्षांत स्थिरावला, की घरात एक विषय हमखास निघतो. वडिलांच्या जुन्या घरावर मजला चढवू, पुढच्या बाजूला दोन गाळे काढू, नाहीतर परभणीत एखादा फ्लॅट घेऊन भाड्याने देऊ. बँकेचे कर्ज काढू, भाड्यातून हप्ता जाईल आणि अम्मीच्या हातातही चार पैसे राहतील.

या विचारात गैर काही नाही. आखातातली नोकरी कधी संपेल याचा भरवसा नसतो आणि तिथे कितीही वर्षे काढली तरी शेवटी परतायचे असते. गावाकडे उत्पन्नाचे साधन असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र घर गहाण टाकून कर्ज काढणे हा कुटुंबाचा निर्णय असतो, एकट्या कमावत्या मुलाचा नाही. बँकेत अर्ज करण्यापूर्वी घर कोणाचे, कागद कोणता आणि व्याजाचे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे घरातच शोधायला हवीत.

घर नेमके कोणाचे?

वडील हयात नाहीत, घर अजून त्यांच्याच नावावर आहे आणि परदेशातला मुलगा खर्च करतो आहे, असे चित्र पुष्कळ घरांत दिसते. खर्च मुलगा करतो, म्हणून घर त्याचे, अशी समजूत हळूहळू पक्की होते. शरीयत तसे मानत नाही आणि देशातला मुस्लिम वैयक्तिक कायदाही तसे मानत नाही. वडिलांचे डोळे मिटले त्याच क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरलेला असतो.

समजा, मागे पत्नी, दोन मुलगे आणि दोन मुली आहेत. वडिलांच्या अंत्यविधीचा खर्च, कर्ज आणि वसीयत बाजूला काढल्यावर जे उरते त्याचा एक अष्टमांश पत्नीचा. बाकीच्या सात अष्टमांशात मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक वाटा. घराचे 48 भाग मानले तर आईचे 6, प्रत्येक मुलाचे 14 आणि प्रत्येक मुलीचे 7. घराची किंमत 24 लाख धरली तर आईचे 3 लाख, प्रत्येक मुलाचे 7 लाख आणि प्रत्येक मुलीचे साडेतीन लाख होतात. म्हणजे रियाधमध्ये राबणाऱ्या मुलाची या घरातली मालकी एक तृतीयांशाहूनही कमी आहे. उरलेले घर तो स्वतःच्या कर्जासाठी गहाण टाकू शकत नाही. बँकही पाचही वारसांच्या सह्या मागते.

इथेच बहिणींवर दडपण येते. ‘भाऊ एवढे करतो आहे, तुम्ही फक्त सही करा,’ असे सांगून हक्कसोडपत्र लिहून घेतले जाते. सूरह निसाच्या सातव्या आयतीत आई-वडिलांच्या मालमत्तेत, ती थोडी असो वा जास्त, स्त्रियांचा हिस्सा ठरवून दिलेला आहे. अकराव्या आणि बाराव्या आयतीत वाटे सांगितले आहेत आणि चौदाव्या आयतीत या मर्यादा ओलांडणाऱ्यांना कडक इशारा आहे. बहिणीने आपला हिस्सा किती, त्याची किंमत किती हे समजून घेऊन राजीखुशीने भावाला दिला तर तो तिचा अधिकार आहे. मात्र न समजता किंवा नाते तुटण्याच्या भीतीने केलेल्या सहीवर उभे राहिलेले भाडे घरात बरकत कशी आणेल?

सरळ मार्ग असा. आधी वारसनोंद करावी. मुलाला पूर्ण घर हवे असेल तर बाकीच्यांच्या हिश्श्याची किंमत ठरवून ती द्यावी, किंवा कधी आणि कशी देणार ते लिहून ठेवावी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, ही सूरह बकराच्या 282व्या आयतीची शिकवण भाऊ-बहिणींच्या व्यवहारालाही लागू आहे. हक्कसोडपत्र करायचे झाल्यास ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले असावे. साध्या कागदावरच्या अंगठ्यावर बँक विश्वास ठेवत नाही आणि ठेवूही नये.

कागद काय सांगतो?

गावठाणातल्या घराचा कागद म्हणून बहुतेक कुटुंबे ग्रामपंचायतीचा नमुना 8 पुढे करतात. तो करआकारणीचा उतारा आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. त्यामुळे पगार भरपूर असूनही गावठाणातल्या घरावर कर्ज नाकारले जाते. केंद्राच्या स्वामित्व योजनेत 24 एप्रिल 2020 पासून ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम सुरू झाले आहे. आपल्या घराची पत्रिका तयार झाली आहे का आणि तिच्यावर कोणाची नावे लागली आहेत, हे भूमी अभिलेख कार्यालयात पाहून घ्यावे. बहिणींची नावे सुटली असतील तर दुरुस्ती आताच करावी.

मराठवाड्यात आणखी एक गुंता आहे. हा प्रदेश सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथल्या कित्येक जमिनींचे मूळ कागद उर्दूत आहेत आणि काही जमिनी इनामाच्या आहेत. मशीद, दर्गा किंवा कब्रस्तानच्या सेवेसाठी दिलेली खिदमतमाश जमीन पिढ्यान्पिढ्या एखाद्या कुटुंबाच्या ताब्यात असली तरी ती त्या कुटुंबाची खासगी मालमत्ता ठरत नाही. तिच्यावर गाळे बांधून ती तारण देता येत नाही. वक्फ मालमत्तेचेही तसेच. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-2 असा शेरा असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पुढे जाऊ नये. आजोबांच्या पेटीतला उर्दू कागद जाणकाराकडून वाचून घेण्याचा खर्च थोडा असतो. तो न वाचता केलेले बांधकाम फार महाग पडते.

रस्त्यालगतची शेती विकत घेऊन तिथे गाळे काढण्याचा बेतही अनेकांचा असतो. परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार (फेमा) अनिवासी भारतीयाला शेतजमीन, मळ्याची जमीन किंवा फार्महाऊस खरेदी करता येत नाही. वारशाने आलेली शेती मात्र त्याला ठेवता येते. अकृषिक झालेला प्लॉट, घर, फ्लॅट किंवा दुकान तो घेऊ शकतो.

बँक काय पाहते?

अनिवासी भारतीयांना गृहकर्ज मिळते. त्यासाठी पासपोर्ट, व्हिसा किंवा इकामा, नोकरीचा करार, पगाराच्या पावत्या, परदेशातल्या खात्याचा उतारा आणि तिथला पतअहवाल मागितला जातो. सौदीत हा अहवाल ‘सिमा’ ही संस्था देते, अमिरातीत ‘अल इत्तिहाद क्रेडिट ब्युरो’. भारतात राहणारा जवळचा नातेवाईक सहअर्जदार म्हणून मागितला जाऊ शकतो. सहअर्जदाराची सही ओळखीपुरती नसते. हप्ते थकले तर वसुली त्याच्याकडूनही होते, हे वडिलांना किंवा धाकट्या भावाला सही करण्यापूर्वी सांगायला हवे.

हप्ता परदेशातून बँकेमार्फत आलेल्या पैशातून, एनआरई किंवा एनआरओ खात्यातून, त्याच घराच्या भाड्यातून किंवा भारतातल्या जवळच्या नातेवाइकाच्या खात्यातून भरता येतो. हुंडीने आलेली रोकड इथे चालत नाही. नोकरीसाठी परदेशी गेल्यावर गावातले साधे बचत खाते एनआरओमध्ये बदलून घ्यावे लागते. अनेक जण ते करतच नाहीत आणि कर्जाच्या वेळी अडकतात.

सह्यांसाठी दरवेळी येणे शक्य नसते, म्हणून मुखत्यारपत्र दिले जाते. ते भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावासातून साक्षांकित करून घ्यावे आणि महाराष्ट्रात पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. मुखत्यारपत्र कामापुरतेच असावे. कर्जाची कागदपत्रे आणि भाडेकरार यांसाठी अधिकार द्यायचा असेल तर तेवढाच लिहावा. सवयीने ‘विक्रीसह सर्व अधिकार’ लिहून देणे म्हणजे घराची किल्ली दुसऱ्याच्या हाती सोपवणे.

भाड्यातून हप्ता जातो का?

आता हिशेब. 20 लाखांचे कर्ज, व्याजदर 9 टक्के, मुदत 15 वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे 20,300 रुपये येतो. मुदतीअखेर साडेछत्तीस लाख भरलेले असतात. त्यात व्याजच साडेसोळा लाखांचे.

समजा, भाडे महिना 10,000 रुपये मिळते. घरमालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाडे देतानाच आयकर कापून सरकारकडे भरायचा असतो. त्याचा सर्वसाधारण दर उपकरासह 31.2 टक्के आहे आणि भाडे कमी आहे म्हणून त्यातून सूट नाही. म्हणजे हातात 6,880 रुपये. विवरणपत्र भरून जास्तीचा कर परत मिळवता येतो, कमी कपातीचे प्रमाणपत्रही आधी घेता येते. पण दरमहा 13,400 रुपये खिशातून घालावेच लागतात. गाळा चार महिने रिकामा राहिला, रंगरंगोटी निघाली, तर ते वेगळेच. अमिरातीत पगारावर आयकर नसला तरी भारतातल्या घराच्या भाड्यावर कर भारतातच लागतो.

आणि नोकरी गेली तर? आखातात नोकरीबरोबर राहण्याचा परवानाही जातो. मे 2020 मध्ये वंदे भारत मोहिमेच्या विमानांनी परतलेल्यांत काम गमावलेले कामगार होते. हप्ते मात्र गावाकडे चालूच राहतात. 90 दिवस हप्ता थकला की कर्ज अनुत्पादक ठरते. त्यानंतर 2002च्या सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस देऊन बँक ताब्याची कारवाई करू शकते. ती नोटीस रियाधला जात नाही, झरीच्या दारावर लागते. ती वाचणारी अम्मी असते.

व्याजाचे काय?

इथवर व्यवहार झाला. मुसलमानाला याहून मोठा प्रश्न सोडवायचा आहे. गहाण ठेवणे इस्लामला अमान्य नाही. सूरह बकराच्या 283व्या आयतीत तारणाचा उल्लेख आहे. बुखारी शरीफच्या हदीसनुसार प्रेषित मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांचा इंतकाल झाला तेव्हा त्यांचे चिलखत जवाच्या बदल्यात एका यहुदी व्यक्तीकडे गहाण होते. अडचण तारणाची नाही, व्याजाची आहे. त्याची मनाई 275व्या आयतीत स्पष्ट आहे.

‘नाइलाज आहे’ हा युक्तिवाद आपल्याकडे सर्रास ऐकू येतो. याबाबत युरोपियन कौन्सिल फॉर फतवा अँड रिसर्च या संस्थेचा 1999 सालचा निर्णय लक्षात घेण्यासारखा आहे. दुसरा मार्ग नसेल तर पाश्चात्त्य देशांतल्या मुसलमानांनी राहण्याच्या घरासाठी बँकेचे कर्ज घ्यावे, अशी सवलत तिने दिली. त्यावर अनेक आलिमांनी आक्षेप घेतला. पण ज्यांनी सवलत दिली त्यांनीही ती स्वतःच्या राहत्या घरापुरतीच ठेवली. डोक्यावर छप्पर ही गरज आहे. भाड्याचा गाळा ही गुंतवणूक आहे. गरजेसाठीची सवलत गुंतवणुकीला लावता येत नाही. आपल्या परिस्थितीबद्दल जाणत्या मुफ्तींना विचारावे, पण विचारताना घर राहण्यासाठी की भाड्यासाठी, हे खरे सांगावे.

मग मार्ग कोणता?

देशात बिनव्याजी बँकिंगची शिफारस 2008 मध्ये रघुराम राजन समितीने केली होती. रिझर्व्ह बँकेने मात्र 2017 मध्ये तो विषय पुढे न नेण्याचे ठरवले. सोलापूर जिल्ह्यात लोकमंगल सहकारी बँकेने 2016 मध्ये बार्शी शाखेत बिनव्याजी कर्जाचा प्रयोग केला. प्रयोग छोटा होता, पण सहकाराच्या चौकटीत असे काही सुरू होऊ शकते हे त्याने दाखवले.

दुसरीकडे ‘हलाल नफा’ या शब्दाला भुलणेही धोक्याचे आहे. बंगळुरूची आय मॉनेटरी अ‍ॅडव्हायझरी ही कंपनी 2019 मध्ये कोसळली तेव्हा हजारो मुस्लिम कुटुंबांची आयुष्यभराची बचत अडकली. परवाना, हिशेब आणि लेखापरीक्षण यांची चौकशी हाही दीनदारीचाच भाग आहे.

घरातल्या घरात शक्य असलेला मार्ग भागीदारीचा आहे. ज्या घराचे 48 भाग आधीच पाच जणांचे आहेत, तिथे बांधकामाचा खर्च एकाने केला तर त्याची नोंद व्हावी आणि भाडे ठरलेल्या हिश्श्याने वाटले जावे. परदेशातल्या मुलाने दरवर्षी थोडा थोडा हिस्सा ठरलेल्या किमतीला विकत घेत जावे. जसजसा त्याचा हिस्सा वाढेल तसतसे त्याचे भाडेही वाढेल. फिक्हच्या भाषेत याला घटती मुशारका म्हणतात. यात आईला भाडे मिळते, बहिणींना किंमत मिळते आणि व्याज कोणालाच द्यावे लागत नाही. दोन गाळ्यांऐवजी यंदा एकच बांधावा लागेल, मजला तीन वर्षांनी चढेल. पण नोकरी गेली तरी ते काम फक्त थांबेल. घर हातचे जाणार नाही.

पुढच्या सुट्टीत गावी आल्यावर बँकेत जाण्याआधी आई, भाऊ आणि बहिणी यांना एकत्र बसवावे. मिळकत पत्रिका, सातबारा आणि जुना उर्दू कागद समोर ठेवावा, प्रत्येकाचा वाटा नावासह लिहावा आणि त्याखाली दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. गाळे बांधायचे की नाहीत, हे त्यानंतर ठरवावे.